परतवाड्याचे समाधानी प्रवासी

७ जुलै, सोमवार

नव्या विषयाचा पहिला तास झाला. बीबीएच्या शेवटच्या वर्षाची नऊ मुलं. विषय : प्रबंधाचा आराखडा. प्रबंध पुढच्या सत्रात लिहायचा. आत्ता फक्त काय शोधायचं, कोणाला विचारायचं, कसं विचारायचं, एवढंच ठरवायचं.

"कोणी काही विचार केलाय का?" म्हणून विचारलं तर मूर्तिजापूरचा अंकुश उभा राहिला. हातात स्पायरल बांधलेली चाळीसेक पानं. "मॅडम, निष्कर्ष तयार आहे. फक्त सर्व्हे बाकी आहे."

वाचलं. 'ग्राहक समाधानी असल्याचे दिसून आले.' कशाचे ग्राहक ते अजून ठरायचं होतं, त्या जागी टिंबटिंब. मी हसू दाबलं आणि विचारलं, कुठून आणलंस? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं असतं. विषय सांगायचा, नाव सांगायचं, चहा पिऊन येईपर्यंत प्रबंध तयार.

मग खंडारे सरांच्या केबिनमध्ये. विभागप्रमुख, तोंडात सुपारी, मनाने चांगला माणूस. "मॅडम, काहून लेकराइले तरास देता? इतके वर्षं झेरॉक्सवाल्यानं भागवलं, कोणी मेलं काय?" मी भांडले. आवाज बाहेर स्टाफरूमपर्यंत गेला म्हणे. शेवटी तह झाला. ऑक्टोबरात बाहेरचे परीक्षक येतील, त्यांच्यापुढे नऊच्या नऊ आराखडे मंजूर झाले तर विषय राहील, माझे तासही राहतील. एक जरी पडला, तर पुढच्या वर्षीपासून जुनं ते सोनं.

मी तासिका तत्त्वावरची बाई. अकरा वर्षं अकोला-अमरावती अप-डाउन करतेय. हो म्हणून आले. रागात म्हटलं, हेही लिहून ठेवते.

८ जुलै

नवऱ्याला, सुधीरला, रात्री जेवताना तह सांगितला. वकील माणूस, पोळी तोडता तोडता म्हणाला, "केस घेण्याआधी अशील खरं बोलतो का तेवढं पाहून घ्यावं."

अशील म्हणजे मुलं, असं त्याला म्हणायचं होतं.

२१ जुलै, सोमवार

आज मजा आली. नियम केला : वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसेल तर बसायचं नाही. आणि 'समाधान' हा शब्द वर्गात बंद. नऊ जण उभे. पंधरा मिनिटं कोणी बसेना.

पहिली बसली परतवाड्याची पायल. तिचे वडील परतवाडा-चिखलदरा काळी-पिवळी जीप चालवतात. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या स्टँडवर जीपले टाइम नाही. भरली का निघते. काही लोकं पाच मिनिटांत बसून जातात, काही लोकं तासभर उभे. काहून?"

मी म्हटलं, बस, बाई. तू बस.

अंकुशला वेळ लागला. त्याच्या काकांचं मूर्तिजापुरात कापडाचं दुकान. मोठं आहे, भाव बरे आहेत, तरी लग्नाचा बस्ता बांधायला सारं गाव गाडीने अकोल्याला जातं. काका रोज चिडतात. "हे विचारलं तर चालते काय मॅडम? हे तं घरचं भांडण आहे." म्हटलं, घरचं भांडण म्हणजेच चांगला प्रश्न. तो खूश होऊन बसला आणि बाकीच्यांना सांगायला लागला कसं बसायचं ते.

येताना गाडीत जागा मिळाली नाही. तरी मन असं हलकं होतं की बोरगाव कधी गेलं कळलं नाही.

२६ जुलै, शनिवार

हे होणारच होतं.

पूर्वी कोणी काय शोधलंय ते बघा, म्हणून मीच त्यांना ग्रंथालयात पाठवलं. पायल धावत आली. छातीशी काळ्या कापडाच्या बांधणीचं पुस्तक, सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली. "मॅडम! तुमीच!"

'परतवाडा-चिखलदरा मार्गावरील प्रवासी जीपसेवा : प्रवाशांच्या समाधानाचा अभ्यास.' कु. शुभांगी वि. देशमुख, एम.कॉम. मार्गदर्शक डाबेराव सर. अठरा वर्षांपूर्वीचं, याच कॉलेजचं.

"आता मी तेव्हाचं आन् आताचं जोडून पाहते मॅडम. तुमच्या आकड्याइवरच उभं करते सारं." डोळे असे चमकत होते तिचे. खंडारे सर मागून आले, पुस्तक हातात घेऊन म्हणाले, "हे पाहा. ह्याले म्हणतात परंपरा."

मी हसले. हो म्हटलं. चांगलं आहे म्हटलं.

आता इथे तरी खरं लिहिते. मी परतवाड्याला एकदाच गेले होते. स्टँडवर दीड तास उभी राहिले, दोन बायांना विचारलं, त्यांनी तोंड फिरवलं, मला रडू आलं आणि मी परत आले. ते सारे फॉर्म मी हॉस्टेलच्या खोलीत भरले, दोन मैत्रिणी मदतीला. तीन रंगांची पेनं. एकीने डाव्या हाताने लिहिलं, अक्षर वेगळं दिसावं म्हणून. 'बहुसंख्य प्रवासी समाधानी आहेत.' विशेष प्रावीण्य मिळालं. डाबेराव सरांनी पाठ थोपटली. त्यावर ही नोकरी.

आणि मी अंकुशला विचारते, निष्कर्ष कुठून आणलास.

२ ऑगस्ट

पायलला म्हटलं, ते जुनं पुस्तक जरा बाजूला ठेव. "काहून मॅडम?" म्हटलं, जुनं झालंय, पद्धत कच्ची होती. "नाही मॅडम, मस्त आहे. तीन रंगाचे तक्ते आहेत."

फळा पुसत बसले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पूर्वचाचणीचा दिवस. म्हणजे खऱ्या सर्व्हेआधी थोड्या लोकांना विचारून बघायचं, आपले प्रश्न चालतात का. पायलने माझ्या पुस्तकामागचीच प्रश्नावली वापरली आणि स्टँडवरच्या वीस माणसांना विचारून आली.

वीसच्या वीस समाधानी.

"मॅडम, तुमचंच उत्तर आलं! सेम टू सेम!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मी जे उत्तर खोलीत बसून काढलं ते खऱ्या माणसांनी कसं दिलं? क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं की बरं झालं. आपण खोटं लिहिलं पण निघालं खरंच. सुटलो.

पण मीही त्या स्टँडवर दीड तास उभी होते. तिथे कोणी समाधानी नव्हतं. एवढं तरी मला माहीत आहे.

आणि वर खंडारे सरांची बातमी. बाहेरचे परीक्षक ठरले. अकोल्याहून डाबेराव सर येणार. "निवृत्त झाले, पण नजर अजून तशीच आहे म्हणतात. तुमचेच गुरू नं? मंग आपलं काम फत्ते!"

१७ ऑगस्ट, रविवार

अकोटमार्गे परतवाड्याला गेले. सुधीरला सांगितलं विद्यार्थिनीचं काम बघायला. खोटं नाही.

पायल स्टँडवर फॉर्म घेऊन उभी. तिला म्हटलं, तू विचार, मी नुसती बघते. दहा मिनिटांत कळलं. ती जीपमध्ये बसलेल्यांना विचारते. पुढे स्टिअरिंगवर ड्रायव्हर. तो तिला बेटा म्हणतो. अख्ख्या स्टँडला माहीत आहे की ही राजूभाऊची पोरगी. कोण म्हणणार तिच्या तोंडावर, की तुझ्या बापाची गाडी वेळेवर निघत नाही?

एक आजीबाई होत्या, देवकाबाई, घाटाखालच्या खेड्यातल्या. काखेत तुरीच्या डाळीचं गाठोडं. पायलने विचारलं, सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? आजी म्हणाल्या, "तुले काय पाह्यजे सांग माय, तेच लिव. उन्हातानाची फिरून राहिली. पाणी पेते काय?"

आपल्याकडे दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. प्रश्न घेऊन आला तर त्याला हवं ते उत्तरही देतात. वीसच्या वीस जणांनी पायलचा पाहुणचार केला होता.

आणि दुसरं. जीपमध्ये माणसं पाच आणि सीटवर रुमाल सहा. कोणाची पिशवी, कोणाचा टॉवेल. देवकाबाई उभ्याच. मी पायलला विचारलं, हे रुमाल कोणाचे? "ते फोन करणाऱ्याइचे मॅडम. ड्रायव्हरले फोन केला का तो रुमाल टाकून ठेवते." असं सहज म्हणाली. जन्मापासून बघतेय ना, तिला ते दिसतच नव्हतं. मग थांबली. जीपकडे बघितलं. देवकाबाईंकडे बघितलं. "आजीपाशी तं फोनच नाही," म्हणाली.

प्रश्न सापडला होता. तिच्या चेहऱ्यावर तो सापडताना मी पाहिला. अकरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

मग हॉटेलात चहा पिताना ती म्हणाली, "पण मॅडम, तुमच्या वेळी लोकं खरंच समाधानी असतीन. तेव्हा फोन कोठी होते सगळ्याइजवळ." पुन्हा पुस्तक काढलं. पुन्हा त्या तक्त्यावर बोट.

सांगून टाकलं. सगळं. तीन पेनं, डावा हात, सगळं.

चहावर साय धरली. मग एवढंच, "म्हणजे तुमी कोणालेच इचारलं नव्हतं?"

दोन बायांना विचारलं होतं, म्हटलं.

ती उठून गेली. फॉर्म टेबलावर तसेच.

१८ ऑगस्ट

सुधीरला सांगितलं. फॉर्मचं त्याला काही वाटलं नाही. "सतरा वर्षं संसार केला आणि मला हे आज सांगतेस?" त्याला ते लागलं. बरोबर आहे त्याचं.

२५ ऑगस्ट, सोमवार

पायल आली नाही. आठ दिवस झाले. अंकुश म्हणाला, तिच्या घरी पोळ्याची गडबड असेल. पोळा होऊन गेला. मला माहीत आहे कशाची गडबड आहे.

तास घेतले. 'प्रश्नावलीची विश्वासार्हता' शिकवलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं स्वतःलाच ऐकू येत होतं.

३ सप्टेंबर

काल महालक्ष्म्यांचं विसर्जन. आज कॉलेजात दारातच पायल.

हातात शाळेची शंभर पानी वही. मधल्या दिवसांत ती रोज सकाळी स्टँडवर बसली होती. कोणालाच काही विचारलं नाही. नुसतं घड्याळ बघून लिहिलं : कोण कधी आलं, फोन केला होता का, कधी बसलं. वडील ओरडले म्हणे, "आपल्याच पोटावर लात मारून राहिली काय?" पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच सावलीत स्टूल ठेवलं.

पानंच्या पानं. चुरगळलेली, एका पानावर चहाचा डाग. असं सुंदर काही मी बऱ्याच वर्षांत वाचलं नव्हतं.

मग वही मिटून म्हणाली, "मॅडम, पूर्वीच्या अभ्यासाच्या प्रकरणात तुमच्या पुस्तकाचं काय लिवू?"

म्हटलं, खरं ते लिही.

"मी नाही लिवणार. मी लिवलं तं चुगली होते. तुमीच सांगा सगळ्याइले."

वीस वर्षांची पोरगी. माझ्या डोळ्यांत बघून.

१५ सप्टेंबर, सोमवार

बारा दिवस घेतले मी. आज सांगितलं, नऊ जणांपुढे. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि फॉर्म कसे भरले ते क्रमाने सांगितलं, जसं पद्धतीचं प्रकरण शिकवते तसं.

पहिला अंकुश बोलला, "मॅडम, मंग जुलैत मले काहून पकडलं?"

"म्हणूनच पकडलं."

तो हसला. एकदम सगळेच हसले, आणि मग जे सुरू झालं! मागच्या बाकावरून एक हात वर. "मॅडम, माहे पूर्वचाचणीचे फॉर्म... कॅन्टीनमध्ये भरले." दुसरा हात. "माहे बहिणीनं भरले." तिसरी म्हणाली तिने खरोखर विचारलं, पण फक्त मावशांना. चौघांनी फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवले. एकात तर पेनाचे तीन रंग! माझ्या मूर्खपणाला वारसही निघाला. मी हसता हसता रडले, मुलींनी पाणी आणून दिलं.

फॉर्म फाडले. मीच म्हटलं होतं फाडा. पायलने एकेक फाडून नीट कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि जाता जाता काळं पुस्तक उचलून म्हणाली, "हे नाही फाडायचं. हे मले लागते."

परिणाम काय होतील ते होवोत. आज मी जिंकले आहे. गाडीत एका अनोळखी बाईला खारे शेंगदाणे दिले.

२७ सप्टेंबर

चौघांनी नव्याने पूर्वचाचणी केली. यावेळी नियम : ओळखीच्याला विचारायचं नाही. वाटतं का, आवडतं का, असं काही विचारायचं नाही. मागच्या वेळी काय केलं, ते विचारायचं.

अंकुश काकांच्या दुकानात नाही, मूर्तिजापूरच्या फलाटावर उभा राहिला. बस्ता बांधून अकोल्याहून परतणाऱ्या बायांना गाठायला. पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी एका मावशीने गाठोडं त्याच्या डोक्यावर दिलं आणि चालता चालता सांगितलं, "भाऊ, गावात घेतलं का कोणती साडी कितीची ते लग्नाआधीच साऱ्या गावाले मालूम होते. अकोल्यात आपलं झाकलेलं राहते."

काकांना सांगितलंस का विचारलं. "सांगतलं. ते दोन दिवस बोलले नाही. मंग म्हणे, आपण पडदा लावून बस्ता दाखवला तं?"

झेरॉक्सवाला भेटला. "मॅडम, यंदा तुमच्या वर्गाचं एकही पोरगं नाही आलं. माहं काही चुकलं काय?" म्हटलं, नाही हो, बांधायला येतील. नऊ पातळ पुस्तकं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवस उजाडला.

डाबेराव सर आले. कान जरा गेलेत, यंत्र लावतात, बाकी तसेच. पांढरा शर्ट, खिशात एकच पेन. खंडारे सरांनी शाल दिली, नारळ दिला. मी पाया पडले. "शुभांगी, तब्येत उतरली तुही," म्हणाले.

सर प्रत्येकाचं शांतपणे ऐकत आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न. "तुहं म्हणणं चुकीचं असंन, तं तुले कसं समजंन?"

पहिली दोघं अडखळली, पण सावरली. मग अंकुशची पाळी. तो म्हणाला, "सर, काका म्हणतात लोकं भावासाठी जातात. मी म्हणतो लपवाछपवीसाठी जातात. अकोल्यात जाऊनही लोकं आपल्याच गाववाल्याच्या दुकानात बस्ता बांधत असतीन, तं मी चुकलो." सरांनी यंत्र नीट केलं आणि पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं. सरांनी खिशातलं पेन काढलं.

शेवटी पायल. ती पुढे आली, आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. माझीच वाट बघत होती.

उठले. म्हटलं, सर, हिच्या आराखड्यात एका जुन्या अभ्यासाचा उल्लेख आहे. तो माझा आहे. त्यातले फॉर्म मी हॉस्टेलमध्ये भरले होते. त्या आकड्यांवर कोणी काही उभं करू नये, म्हणून आत्ता सांगतेय. तुमची फसवणूक केली, माफी मागते.

खंडारे सरांचं सुपारी चघळणं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा. डाबेराव सर माझ्याकडे बघत राहिले. मग पायलकडे वळून, जणू मधे काही झालंच नाही, "हं, बोल बेटा."

काय बोलली ती! रुमालापासून सुरुवात. फळ्यावर जीप काढली, सीटवर सहा चौकोन. स्टँडवर ज्याच्याजवळ ड्रायव्हरचा नंबर तो बसतो, ज्याच्याजवळ नाही तो उभा, हा तिचा अंदाज. लोकांना समाधान का विचारायचं नाही, ते वीस फॉर्मच्या पाहुणचारासकट सांगितलं. विचारायचं कुठे? चिखलदऱ्याला उतरल्यावर, ड्रायव्हर गेल्यावर. विचारणार कोण? ती नाही, दुसऱ्या गावची मैत्रीण. आणि सरांनी विचारायच्या आत स्वतःच म्हणाली, "फोन करणाराही तेवढाच वेळ थांबत असंन, तं मी चुकली. मंग दुसरं कारण शोधीन."

सर म्हणाले, "मी वाचलेल्या आराखड्याइत हा असा पहिलाच."

नऊच्या नऊ मंजूर! दोघांना किरकोळ दुरुस्त्या. नऊ! बाहेर पोरांनी जो गोंधळ घातला, प्राचार्य बाहेर आले. सगळ्यांनी मिळून गिला वडा खाल्ला, अंकुशने दही माझ्या पदरावर सांडलं, मी काही बोलले नाही. नऊ!

खंडारे सर जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, तुमी आज विभागाचं नाक कापलं. पोरीनं वापस लावून देल्लं, म्हणून बरं." मग म्हणाले, "विषय राहते. मी शब्द देल्ला होता. तुमच्या तासाचं मले वर सांगा लागते. लपवता येत नाही आता."

लपवू नका म्हटलं.

११ ऑक्टोबर

काल परतताना डाबेराव सर आणि मी एकाच गाडीत. बडनेऱ्यापासून ते खिडकीबाहेर बघत होते. मी पण. मूर्तिजापूरला चहा घेतला.

न राहवून विचारलं, "सर, तुम्हाला तेव्हा संशय आला नव्हता?"

"आल्ता. सारे फॉर्म कोरेकरकरीत. स्टँडवरून आलेल्या कागदाले घडी पडते. मी इचारलं नाही. तुहं लग्न जमून राहिलं होतं, वाटलं पोरीचं भलं होते तं होऊ द्या. ती चूक माही."

गाडी सुटली. सर चहाचा कप खिडकीत धरून बसले. मग म्हणाले, "मंग खरं उत्तर काय होतं?"

माहीत नाही सर, म्हटलं.

"अठरा वर्षं झाले नं?"

अकोल्याला उतरताना सरांची पिशवी मी घेतली.

१५ ऑक्टोबर

प्राचार्यांना अर्ज दिला. त्या प्रबंधातली माहिती खरी नाही, ग्रंथालयाने पुस्तकात तशी चिठ्ठी लावावी, असा. ग्रंथपाल म्हणाले, अशी चिठ्ठी आजवर कोणी लावली नाही, नमुना नाही. म्हटलं, मी करून देते नमुना.

दिवाळीनंतर यावर कॉलेजच्या समितीची बैठक. तास राहतात की जातात, पदवीचं काय, काही ठाऊक नाही. सुधीर म्हणतो, मी तुझा वकील, पण अशिलाने आधीच सगळं कबूल केलंय. पुन्हा बोलायला लागलाय, हे मोठं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

फराळाची ताटं आवरून वही काढली आणि आराखडा लिहिला. माझा. दोन पानं. प्रश्न, कोणाला, कुठे, कधी. माझं म्हणणं चुकीचं असेल तर मला कसं कळेल.

पायलला फोटो पाठवला. तासाभराने उत्तर : "मॅडम प्रश्न तिसरा खराब आहे. समाधान आलं आहे त्यात. काढा."

काढला.

२ नोव्हेंबर, रविवार

बैठक उद्या. आज परतवाडा. परतीच्या बसमध्येच लिहितेय हे, अक्षर बघून कळेलच.

सकाळी आठला चिखलदऱ्याला, जीपमधून लोक उतरतात तिथे. पायल समोरच्या कॉफीच्या टपरीवर बसून माझ्यावर लक्ष ठेवून. मी चूक केली की हात वर करायचा, असं ठरलं होतं. दोनदा वर केला.

दोन बायांनी तोंड फिरवलं. अगदी तेव्हासारखंच. या वेळी मी गेले नाही.

तिसऱ्या गाडीतून देवकाबाई उतरल्या. गाठोडं तेच. मला ओळखलं नाही. ड्रायव्हर गेल्यावर विचारलं, आजी, आज स्टँडवर किती वेळ उभ्या होतात?

"काहून इचारते?"

मला माहीत नाही म्हणून, म्हटलं.

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. पदराने तोंड पुसलं. "आजचं इचारते का कवाचं? मी ह्या गाडीची वाट लगन होऊन आली तवापासून पाहून राहिली. बस खाली. उभ्यानं सांगायचं नाही ते."

फॉर्मवर चार चौकोन होते, एकात खूण करायची होती. पायलकडे बघितलं. तिने हात वर केला नाही. मी फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. माझी बस लागली तेव्हा आजी अजून पहिल्याच वर्षात होत्या.